तेरा दिवसांच्या गोळ्या

ससूनच्या आसपासच्या एका मेडिकलमध्ये उन्हाळ्यात कानावर पडलेलं एक बोलणं डोक्यातून जात नाही. दुपारची वेळ, काउंटरवर चार माणसं, औषधांच्या खोक्यांचा तो कोरडा वास. तिशीतली एक बाई पर्समधून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढून दाखवत होती. सासरे सकाळीच गेले होते. नवरा थोरला, म्हणजे अग्नी देण्यापासून तेराव्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. तासाभरात परळीच्या बाजूला निघायचं होतं. नवरा गर्द सुटावं म्हणून रोज व्यसनमुक्ती केंद्रावर जाऊन जिभेखाली गोळी घेतो, कित्येक महिन्यांत खाडा नाही, पण इतक्या दिवसांच्या गोळ्या केंद्र घरी देत नाही. "तुमच्याकडून द्या, पैसे रोख देते." मेडिकलवाल्याने चिठ्ठी पुटपुटत वाचली, ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन, दोन मिलिग्रॅम, रोज चार, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ही आमच्याकडे येतच नाही. होलसेलवालाही देत नाही. चिठ्ठी खरी असली तरी नाही." बाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या देता की." त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. मागच्या माणसाने खोकल्याचं औषध मागितलं आणि दुकान पुन्हा सुरू झालं.

त्या मेडिकलवाल्याची काही चूक नव्हती. तो नियमाने वागला, आणि बोललाही माणुसकीने. पण त्या बाईने विचारलं ते सरळ होतं, आणि त्याचं उत्तर कुणीतरी सरळ द्यायला हवं.

गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, पुडीत पहिले काही महिने नशा असते. पुढे माणूस पुडी शोधतो तो टर्की, म्हणजे पुडी तुटल्यावरचा त्रास, टाळायला. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, अंगावर काटा येतो. मग पोटात मुरडा, जुलाब, हाडं आतून ठणकणं, रात्रभर पाय झटकत राहणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टोकाला जातं आणि आठवड्याभरात शरीर सावरतं. झोप मात्र कित्येक आठवडे नीट लागत नाही, आणि तलफ त्याहूनही जास्त काळ पाठ सोडत नाही. त्या चिठ्ठीतलं ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत हेरॉइन बसतं त्याच ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे अफूच्या जातीची औषधं जिथे चिकटतात त्या जागी, जाऊन बसतं, हेरॉइनपेक्षा घट्ट बसतं, पण त्याला अर्धीच चालना देतं. त्यामुळे टर्की थांबते, तलफ उतरते, आणि डोस वाढवत नेला तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही. या शेवटच्या गुणामुळेच ते हेरॉइनपेक्षा किंवा मेथाडोन या दुसऱ्या बदली औषधापेक्षा सुरक्षित मानलं जातं. मात्र सोबत दारू किंवा अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या असतील तर ही सुरक्षितता उरत नाही. मृत्यू होतात ते बहुधा अशा मिश्रणाने. परिणाम चोवीस तासांहून जास्त टिकतो, म्हणून दिवसातून एकदा घेतलं तरी पुरतं.

पहिला डोस देताना मात्र घाई चालत नाही. अंगात हेरॉइन असताना हे औषध दिलं तर ते हेरॉइनला रिसेप्टरवरून हुसकावतं, आणि जी टर्की हळूहळू चढली असती ती अर्ध्या तासात अंगावर कोसळते. असा अनुभव घेतलेला पेशंट पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही, शिवाय चार जणांना सांगतो की ती गोळी विष आहे. म्हणून शेवटच्या पुडीनंतर निदान आठ-बारा तास थांबायचं, मेथाडोनसारखं लांब टिकणारं काही घेत असेल तर दीड-दोन दिवस थांबायचं, आणि घड्याळापेक्षा शरीरावर विश्वास ठेवायचा: डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का, काटा आलाय का, नाडी वाढलीय का. टर्की स्पष्ट दिसू लागली की २ ते ४ मिलिग्रॅम द्यायचे, दोन तास समोर बसवून ठेवायचं, गरज असेल तर तेवढेच आणखी. पहिल्या दिवशी एकूण ८ मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. पुढच्या काही दिवसांत डोस जिथे स्थिरावतो तिथे तो निदान वर्षभर ठेवायचा, आणि अनेकांच्या बाबतीत त्याहून बराच जास्त. गोळी लवकर बंद करण्याची घाई पेशंटला कमी असते, घरच्यांना जास्त. लवकर उतरवलेल्या डोसमागून पुडी परत येते, हे या कामातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

ही गोळी कुलपात कशी गेली यालाही कारण आहे आणि ते खोटं नाही. १९९०च्या दशकात आपल्या अनेक शहरांत ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन ॲव्हिल आणि डायझेपामबरोबर मिसळून शिरेतून घेतलं जात होतं. एकच सुई चार जणांत फिरायची. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी त्याच सुईतून पसरले. नंतर व्यसनाच्या उपचारासाठी ०.४ आणि २ मिलिग्रॅमच्या जिभेखालच्या गोळ्यांना परवानगी मिळाली ती या अटीवर की त्या व्यसनमुक्ती केंद्रांना आणि तशी सोय असलेल्या रुग्णालयांनाच पुरवायच्या, मेडिकलला नाही. वर हे औषध एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतलं, आणि औषध नियमांच्या शेड्यूल एच-वनमधलंही. मेडिकलमध्ये वेदनेसाठीचं कमी ताकदीचं ब्युप्रेनॉर्फिन ठेवायचं तरी डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग यांचं वेगळं रजिस्टर लागतं, आणि ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. गोळीत नॅलॉक्सोन हे ओपिऑइडचा परिणाम अडवणारं औषध घातलं तेही याच भीतीपोटी. जिभेखाली ठेवलं तर नॅलॉक्सोन जवळजवळ शोषलंच जात नाही, पण कुणी गोळी विरघळवून शिरेत टोचली तर ते काम सुरू करतं आणि नशेऐवजी टर्की लागते. विचार करून केलेली रचना आहे ही.

म्हणजे औषधातच एक कुलूप आहे, आणि पुरवठ्यावर दुसरं.

तिसरं कुलूप रोजच्या हजेरीचं. केंद्रावरची सकाळ पाहिली की ते किती जड आहे ते कळतं. रांगेत उभ्या माणसाचा फाइल नंबर पाहायचा. नर्स विचारते, कालची गोळी पुरली का, रात्री दारू घेतली का, झोपेची गोळी घेतली का. तोंडाला वास आला किंवा डोळे जड दिसले तर त्या दिवशीचा डोस थांबतो किंवा कमी होतो, कारण आत आधीच काहीतरी आहे. तोंडात तंबाखू किंवा गुटखा असेल तर आधी चूळ भरायला लावायची. मग गोळ्या जाडसर कुटायच्या, पाण्याच्या घोटाने तोंड ओलं करायला सांगायचं आणि भुकटी जिभेखाली टाकायची. कुटतात ती लवकर विरघळावी म्हणून, आणि गालात लपवून बाहेर नेता येऊ नये म्हणूनही. पाच-सात मिनिटं बोलायचं नाही, थुंकायचं नाही, गिळायचं तर नाहीच. गिळलेलं औषध यकृतात मोडतं आणि बहुतेक वाया जातं. "गोळी घेतली तरी संध्याकाळी अंग मोडतं" ही तक्रार अनेकदा डोस कमी पडल्याची नसते, लाळेबरोबर औषध पोटात गेल्याची असते. मग तोंड उघडून दाखवायचं, रजिस्टरवर सही किंवा अंगठा. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश तासाभराने करावा, नाहीतर कालांतराने दात किडतात. हे फार थोड्या ठिकाणी सांगितलं जातं, आणि दात गेलेला पेशंट दोष गोळीला देतो. दिवस संपताना शिल्लक गोळ्या आणि रजिस्टर यांचा मेळ बसला पाहिजे. एक गोळी कमी भरली तरी नर्सला लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि ही भीती मनात असलेली नर्स पेशंटच्या डोळ्यांकडे कमी, त्याच्या हातांकडे जास्त पाहू लागते.

पहिले दोन-तीन महिने ही रोजची हजेरी खरंच उपयोगी असते. दिवसाला आकार येतो, कुणीतरी नावाने ओळखतं, डोस चुकत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. माणूस सुधारतो म्हणजे काय होतं? त्याला काम मिळतं. चाकणला पहिल्या पाळीला जाणारा माणूस केंद्र उघडण्याच्या कितीतरी आधी कंपनीच्या बसमध्ये असतो. मजूर अड्ड्यावर सकाळी आठला उभं राहिलं नाही तर दिवस गेला. कंत्राटी कामगाराला रोज दोन तास उशिरा येण्याची सवलत कुठलाही सुपरवायझर देत नाही, आणि कारण सांगितलं तर कामच जातं. मग नोकरी आणि गोळी यांत निवड करायची वेळ येते. जो अजून पुडीत अडकलेला आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. सावरलेल्यालाच पडतो. नियमाचं सगळ्यात जास्त ओझं सगळ्यात बऱ्या झालेल्या माणसावर पडावं, हे मला पटत नाही.

आता ते तेरा दिवस. रोजचे ८ मिलिग्रॅम म्हणजे २ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, तेरा दिवसांच्या बावन्न. एनडीपीएस नियमांतला ६६वा नियम सांगतो की स्वतःच्या उपचारासाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, माणूस सायकोट्रॉपिक, म्हणजे मनावर परिणाम करणाऱ्या, औषधाचे एका वेळी १०० डोस जवळ बाळगू शकतो. दीर्घकाळच्या उपचारासाठी डॉक्टरने तसं स्पष्ट लिहून दिलं तर ३००पर्यंत.

कायद्यात तेरा दिवस बसतात.

अडतं ते पुरवठ्याच्या अटीवर आणि केंद्राच्या धास्तीवर. धास्तीही समजण्यासारखी आहे. एनडीपीएस कायद्यात शिक्षा किती हे सापडलेल्या मालाच्या प्रमाणावर ठरतं, आणि ब्युप्रेनॉर्फिनचं अल्प प्रमाण १ ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण २० ग्रॅम ठरलेलं आहे. मोजताना शुद्ध औषध किती हे पाहत नाहीत, मिश्रणाचं सगळं वजन धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात हीच पद्धत कायम ठेवली. एक गोळी समजा १०० मिलिग्रॅम वजनाची असेल, तर बावन्न गोळ्यांत औषध १०४ मिलिग्रॅम असलं तरी वजनकाट्यावर ५.२ ग्रॅम भरतील. चिठ्ठी हरवली आणि नाकाबंदीत खिसा तपासला गेला, तर हा फरक समजावून सांगायला वकील लागेल. म्हणून घरी गोळ्या मिळतात त्यांनी त्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात, सुट्या करू नयेत, आणि केंद्राच्या शिक्क्याची, नाव, डोस आणि तारखा लिहिलेली चिठ्ठी पट्टीबरोबर असावी. तिचा मोबाइलवर फोटोही असावा. याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे: अल्प प्रमाण जवळ सापडल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. कायद्याला उपचार हवे आहेत हे त्यातून स्पष्ट दिसतं. पण पोलीस चौकीत पहिल्या रात्री हे कलम उच्चारणारं कुणी नसतं.

पुण्याला हा विषय नवा नाही. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा समोर गर्दमध्ये अडकलेली तरुण मुलंच होती. व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो, हे मराठी घरांना तिथून कळलं, आणि ते ऋण मोठं आहे. देखभालीच्या औषधाची पद्धत तेव्हा आपल्याकडे रुजलेली नव्हती. समूह, समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग यांवरच सगळं उभं राहिलं. त्या परंपरेचा एक परिणाम असा की आजही आपल्या मनात सुटणं म्हणजे सगळंच सुटणं. गोळी चालू असलेल्या माणसाला घरची माणसं विचारतात, "अजून गोळीवरच आहेस का?" बायकोला माहेरी टोमणे बसतात की एक व्यसन सोडवून दुसरं लावून घेतलं. यावर मी एवढंच विचारेन: तो खोटं बोलतो का, घरातली भांडी विकतो का, सुई टोचतो का, कामावर जातो का, मुलाला शाळेत सोडतो का? शरीराला गोळीची सवय आहे हे खरं. सवय आणि व्यसन यांतला फरक या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

याची दुसरी बाजू फार भीतीदायक आहे, आणि ती बातम्यांत येत नाही. मुलाला गाडीत घालून नेणारी, तीन-सहा महिने बंद ठेवणारी, औषधाशिवाय टर्की काढायला लावणारी केंद्रं आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ने व्यसनाशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारात धरल्या, नोंदणी बंधनकारक केली, इच्छेविरुद्धच्या दाखल करण्याला वैद्यकीय तपासणी आणि मुदत घातली. तरी अशी केंद्रं मिटलेली नाहीत. मुलगा तिथून गुटगुटीत होऊन बाहेर येतो, घरचे पेढे वाटतात. पण या महिन्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुनी ओळख भेटते, तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो, आणि तेवढ्याने श्वास थांबतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोससाठी सर्वांत धोक्याचे असतात. नॅलट्रेक्झोन ही ओपिऑइड अडवणारी गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीवर सहज मिळते, कारण तिची नशा होत नाही. पण ती सुरू करायला आधी सात-दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं, ती तलफ फारशी शमवत नाही, बहुतेक जण ती सोडून देतात, आणि सोडल्यावर तोच उतरलेल्या सहनशक्तीचा धोका. पुण्याच्या बातम्यांत हल्ली एमडी, म्हणजे मेफेड्रोन, जास्त असतं. मेफेड्रोनवर असं बदली औषध अजून नाही. ओपिऑइडवर आहे, म्हणून ते कुलपात राहिलेलं जास्त सलतं.

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं. एवढ्या लोकांना रोज सकाळी रांगेत उभं करता येणार नाही. फ्रान्सने १९९५ नंतर साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहू दिली. पुढच्या चार-एक वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने घटले. काही गोळ्या रस्त्यावर गेल्या, काहींनी त्या टोचल्याही, हेही तितकंच खरं. तरी धोरण त्यांनी मागे घेतलं नाही. अमेरिकेत २०००च्या कायद्यापासून डॉक्टरला वेगळी परवानगी लागायची, आणि एका डॉक्टरकडे सुरुवातीला तीसच पेशंट. ती मर्यादा पुढे वाढत गेली आणि २०२२च्या डिसेंबरात परवानगीची अटच काढून टाकली. मेथाडोन तिथे अजून क्लिनिकमधूनच मिळतं, पण २०२४च्या नियमांनी स्थिर पेशंटला २८ दिवसांपर्यंत घरी नेता येतं. आपल्याकडे पंजाबने २०१७ मध्ये बाह्यरुग्ण क्लिनिकं उघडून पेशंटची नोंद ऑनलाइन जोडली. आणि २०२०च्या टाळेबंदीत नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, स्वतःच्या केंद्रांना गोळ्या घरी द्यायची मुभा दिली. अशक्य म्हणून सांगितलं जाणारं काम त्या महिन्यांत करून झालं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२च्या यादीत ब्युप्रेनॉर्फिन आलंही. अत्यावश्यक ठरलेलं औषध शहरातल्या चार दारांमागेच मिळावं, ही विसंगती आता कुणीतरी मिटवायला हवी.

मला सरसकट मोकळीक नको आहे. पहिले काही आठवडे डोस समोरच द्यावा. लघवीची तपासणी सलग स्वच्छ आली, हजेरी नीट राहिली, घरात लहान मूल असेल तर गोळ्या ठेवायला कुलूपबंद जागा असली, की आधी दोन दिवसांच्या, मग आठवड्याच्या, मग पंधरवड्याच्या गोळ्या हाती द्याव्यात. मध्येच न सांगता बोलावून पट्ट्या मोजाव्यात. मोजणी चुकली तर एक पायरी मागे यावं, थेट रस्त्यावर आणू नये. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत ही गोळी असावी. म्हणजे पुण्याच्या केंद्राने चिठ्ठी लिहिली की बीडला तीच फाइल पुढे चालेल, आणि कुणाच्या बापाचा तेरावा उपचाराच्या आड येणार नाही.

हे होईपर्यंत खाडे पडत राहणार. ब्युप्रेनॉर्फिन लांब टिकतं, त्यामुळे एक दिवस चुकला तर फार काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जांभया आणि बेचैनी सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावात कुणीतरी ट्रॅमाडॉल या ओपिऑइड वेदनाशामकाची पट्टी किंवा दारूची बाटली पुढे करतं. परतलेल्या माणसाला आधी विचारायचं ते हेच: मध्ये काय घेतलं, किती, शेवटचं कधी. खरं सांगितलं म्हणून ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो खोटं सांगेल आणि खोट्या माहितीवर दिलेला डोस महागात पडेल. चार-पाच दिवसांहून जास्त खंड असेल तर जुने ८ मिलिग्रॅम एकदम द्यायचे नाहीत. मध्ये पुडी किंवा ट्रॅमाडॉल झालं असेल तर टर्की दिसेपर्यंत थांबायचं, २ मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू करायचं, दोन-तीन दिवसांत जुन्या डोसवर आणायचं. आणि हे तो ज्या सकाळी दारात येईल त्याच सकाळी सुरू करायचं, खाडे मोजून सोमवारी ये म्हणायचं नाही.